सांगलीत राहून आयटीचा कोर्स निवडताना: फी भरण्याआधी करायची कामं

कोर्स शोधायला क्लासपासून सुरुवात केली की त्या क्लासकडे जे आहे तेच घ्यावं लागतं. म्हणून क्रम बदला. आधी नोकरी ठरवा, त्या नोकरीला कोणती परीक्षा चालते ते बघा, आणि ती परीक्षा शिकवणारा क्लास अगदी शेवटी शोधा.

पहिलं काम वही घेऊन बसण्याचं. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर ठिकाण पुणे, अनुभव शून्य ते एक वर्ष असं निवडा आणि तीस जाहिराती शेवटपर्यंत वाचा. सांगली, मिरज, कोल्हापूरच्या आठ-दहा वेगळ्या वाचा. प्रत्येक जाहिरातीतून पाच गोष्टी लिहून काढा: पदाचं नाव, मागितलेली कौशल्यं, सर्टिफिकेशनचा उल्लेख आहे का, पदवीची अट, आणि शिफ्ट. दोन संध्याकाळी पुरतात. तीस जाहिराती झाल्या की कोणता शब्द किती वेळा आला त्याच्या रेघा मारा. कुठल्याही समुपदेशकापेक्षा हा कागद जास्त खरं सांगतो, कारण त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

पदवीचा रकाना नीट बघा. सिस्को, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांच्या सुरुवातीच्या परीक्षांना शिक्षणाची अट नाही. बारावी झालेली मुलगीही सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) देऊ शकते. अट असते ती नोकरी देणाऱ्या कंपनीची. फ्रेशर भरतीत अनेक कंपन्या पदवी आणि ठरावीक टक्के मागतात, आणि ती अट सर्टिफिकेशनने माफ होत नाही. डिप्लोमा किंवा बारावीवर थांबला असाल, तर डेस्कटॉप सपोर्ट, हार्डवेअर आणि नेटवर्किंगच्या जागांत दार जास्त उघडं असतं. या कामासाठी पुणंच गाठायला हवं असंही नाही. मिरजेची हॉस्पिटलं, सहकारी बँका आणि पतसंस्था, साखर कारखाने, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने या सगळ्यांकडे संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि नेटवर्क चालू ठेवणारा माणूस लागतोच. या जागा बहुधा पोर्टलवर येत नाहीत, जाऊन विचाराव्या लागतात.

कोणत्या कामाला कोणती परीक्षा

आधी एक फरक पक्का करा, कारण गोंधळाचं मूळ इथेच आहे. क्लास पूर्ण केल्यावर क्लासच्याच लेटरहेडवर मिळतं ते कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. सिस्को, रेड हॅट, अ‍ॅमेझॉन यांची परीक्षा पास झाल्यावर त्या कंपनीकडून मिळतं ते सर्टिफिकेशन, आणि ते ऑनलाइन पडताळता येतं. ‘इंटरनॅशनल सर्टिफाइड कोर्स’ असं पत्रकावर छापलेलं असलं तर सरळ विचारा: परीक्षा कोण घेतं, तिचा कोड काय, आणि निकाल कोणत्या वेबसाइटवर दिसतो? कोड सांगता आला नाही, तर ते क्लासचं स्वतःचं प्रमाणपत्र आहे असं समजा. एमएस-सीआयटीही इथे मोजू नका. संगणकाची तोंडओळख आणि काही सरकारी पदांची अट यासाठी ते उपयोगी आहे, आयटी कंपनी ते बघत नाही.

हार्डवेअर आणि डेस्कटॉप सपोर्टसाठी कॉम्पटिया या संस्थेची ए प्लस ही परीक्षा. यात दोन पेपर असतात, कोअर १ आणि कोअर २, सध्याचे कोड २२०-१२०१ आणि २२०-१२०२. प्रत्येकी जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं. ९०० पैकी पहिल्यात ६७५ आणि दुसऱ्यात ७०० लागतात. दोन्ही पास झाल्याशिवाय सर्टिफिकेशन मिळत नाही, म्हणजे फीसुद्धा दोनदा भरावी लागते, आणि हे क्लासच्या काउंटरवर क्वचितच आपणहून सांगितलं जातं. क्लासमध्ये अजून २२०-११०१ आणि ११०२ च्या नोट्स वाटत असतील तर उठा, तो जुना अभ्यासक्रम आहे. स्थानिक नोकरीच हवी असेल तर ए प्लसचा अभ्यासक्रम पूर्ण शिका, पण परीक्षेवर पैसे घालावेत का ते तुमच्या वहीतल्या रेघा बघून ठरवा. आपल्याकडच्या छोट्या संस्था कागदापेक्षा हात किती चालतो ते बघतात.

नेटवर्किंगसाठी सीसीएनए, कोड २००-३०१. फ्रेशरच्या सर्टिफिकेशनांमध्ये आमच्या मते सगळ्यात भरवशाचं हेच, कारण त्यासाठी शिकलेलं पुढे क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे संगणक), सिक्युरिटी, लिनक्स (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) सगळीकडे कामाला येतं. परीक्षा १२० मिनिटांची, फी ३०० डॉलर, त्यावर कर वेगळा. एकदा उत्तर देऊन पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. बोर्डाच्या परीक्षेची ‘अवघड शेवटी सोडवू’ ही सवय इथे घात करते. मुलं अडकतात ती सबनेटिंगमध्ये, म्हणजे नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटण्याच्या गणितात. १७२.१६.४५.०/२२ सारखा पत्ता दिला की नेटवर्क, ब्रॉडकास्ट आणि वापरता येणारे पत्ते एका मिनिटाच्या आत कागदावर निघाले पाहिजेत. रोज दहा गणितं, सलग एक महिना, याला दुसरा उपाय नाही. सरावाचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर सिस्को नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीच्या साइटवर खातं उघडलं की फुकट मिळतं. त्यामुळे त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

लिनक्स आणि सर्व्हरच्या कामासाठी रेड हॅटची आरएचसीएसए, कोड ईएक्स २००. यात पर्याय निवडायचे नसतात. तीन तास, समोर चालू मशीन आणि करायच्या कामांची यादी. ३०० पैकी २१० गुण हवेत. मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तुमची कामं टिकली पाहिजेत, गुण त्यालाच मिळतात. सर्व्हिस चालू केली पण ती बूटच्या वेळी आपोआप सुरू होईल अशी सोय केली नाही, तर तिचे गुण गेले. त्याहून वाईट म्हणजे एफएसटॅब फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कोणती डिस्क जोडायची ते इथे लिहिलेलं असतं) एक अक्षर चुकलं आणि मशीन नीट उठलंच नाही, तर केलेलं सगळंच अडकतं. म्हणून आरएचसीएसएचा क्लास निवडताना एकच विचारा: प्रत्येक सरावानंतर मशीन रीबूट करून तपासायला लावतात का?

क्लाउडमध्ये अ‍ॅमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर ही ओळखीची परीक्षा आहे: ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १०० डॉलर. एवढ्यावर तांत्रिक जागा मिळत नाही. जाहिरातीत मागितलेली दिसते ती सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट: कोड एसएए-सी०३, ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १५० डॉलर, १००० पैकी ७२० हवेत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना अ‍ॅमेझॉन अर्धा तास जादा देतं, पण परीक्षा बुक करण्याआधी खात्यातून ती सवलत मागावी लागते. बुक केल्यावर आठवलं तर त्या बुकिंगला ती लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं, कारण या पेपरातले प्रश्न पाच-सहा ओळींचे असतात आणि वेळ वाचण्यातच जातो. मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० ही अशीच ओळखीची परीक्षा. तिची मुदत संपत नाही आणि अभ्यास मायक्रोसॉफ्ट लर्नवर पूर्ण फुकट आहे. क्लाउड प्रॅक्टिशनर किंवा एझेड-९०० साठी क्लासला हजारो रुपये देण्याचं कारण नाही, तीन ते चार आठवडे घरी अभ्यास पुरतो.

सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबी या संस्थेची फाउंडेशन लेव्हल: ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर हवेत. इथेही परक्या भाषेत परीक्षा देणाऱ्यांना पंचवीस टक्के म्हणजे १५ मिनिटं जास्त मिळतात. हे सर्टिफिकेशन कायमचं आहे. पण नुसतं तेच घेऊन गेलात तर मुलाखतीत ‘एक टेस्ट केस (काय तपासायचं आणि काय निकाल यायला हवा त्याची नोंद) लिहून दाखवा’ म्हटल्यावर अडचण होते. एखादं रोजचं अ‍ॅप घेऊन, समजा एसटीचं तिकीट बुकिंग, त्याच्या पन्नास टेस्ट केसेस स्वतः लिहा. सोबत एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या साध्या क्वेरी आणि सेलेनियम या आपोआप टेस्टिंग करणाऱ्या टूलची सुरुवात धरा.

प्रोग्रामिंगमध्ये जायचं असेल तर सर्टिफिकेशनच्या मागे लागूच नका. तिथे चालतो तो गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा तुमचा स्वतःचा कोड आणि समोर बसून प्रश्न सोडवण्याची तयारी. अभियांत्रिकी पदवी किंवा एमसीए असेल तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा पूर्ण वेळ डिप्लोमा जरूर बघा. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा आहे आणि वर्षातून दोनदा बॅच निघते.

फ्रेशरने काय घेऊ नये तेही सांगितलं पाहिजे. सीआयएसएसपीला सुरक्षा क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पीएमपीला प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव लागतो. बावीस वर्षांच्या मुलाला हे कोर्स कोणी विकत असेल तर तो क्लास कशासाठी आहे ते कळतं. एथिकल हॅकिंगचंही तसंच: सीईएच हे त्याचं सर्टिफिकेशन महाग आहे, आणि नेटवर्किंग न शिकता टूल चालवायला शिकलेल्याला मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला थांबावं लागतं. सायबर सिक्युरिटी हवी असेल तर आधी सीसीएनएचा अभ्यास, मग कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस.

क्लासमध्ये गेल्यावर

डेमो लेक्चर बहुतेक सगळे देतात, आणि ते नेहमी चांगलंच असतं, कारण ते त्यांचं पाठ झालेलं असतं. त्यापेक्षा चालू बॅचच्या मधल्या एखाद्या दिवशी, लॅबच्या वेळेत एक तास बसू द्या म्हणा. नाही म्हणाले तर कारण विचारा. बसायला मिळालं तर फळ्याकडे बघू नका, मुलांच्या स्क्रीनकडे बघा. प्रत्येकाच्या हाताखाली स्वतःचं मशीन आहे का? एरर आल्यावर शिकवणारा स्वतः कीबोर्ड ओढून घेऊन दुरुस्त करतो, की मुलाला एरर वाचायला लावतो? दुसऱ्या प्रकारचा शिक्षक मिळाला तर फी थोडी जास्त असली तरी तिथेच जा.

शिकवणाऱ्याने ती परीक्षा स्वतः दिली आहे का ते विचारण्यात उद्धटपणा काही नाही. ‘सर, तुमच्या सर्टिफिकेशनची क्रेडलीची लिंक मिळेल का?’ एवढं नम्रपणे विचारा. क्रेडली ही सर्टिफिकेशन पडताळायची साइट आहे. लिंक उघडली की नाव, परीक्षा आणि मुदत दिसते. सीसीएनए, आरएचसीएसए, कॉम्पटिया आणि अ‍ॅमेझॉन यांची मुदत तीन वर्षं असते, त्यामुळे २०१७ मध्ये पास होऊन थांबलेला शिक्षक जुना अभ्यासक्रम शिकवत असण्याची शक्यता मोठी. पत्रकावर ज्यांचं नाव आहे तेच तुमच्या बॅचला येणार का, हेही विचारा. बॅचमध्ये पंधरापेक्षा जास्त मुलं असतील तर लॅबला दुसरा मदतनीस हवा.

आता हिशोब. एकूण तास विचारू नका, लॅबचे तास विचारा. समजा एका क्लासची फी ३०,००० आणि लॅब ४० तास, दुसऱ्याची फी २४,००० आणि लॅब १२ तास. पहिल्याकडे लॅबचा एक तास ७५० रुपयांना पडतो, दुसऱ्याकडे २,००० ला. स्वस्त दिसणारा क्लास बहुतेक वेळा इथे महाग निघतो. सांगितलेल्या फीत जीएसटी धरला आहे का तेही तेव्हाच विचारा. ३५,००० वर १८ टक्के म्हणजे ६,३०० रुपये वाढतात, आणि हातात पावती येताना आकडा ४१,३०० होतो. परीक्षेची फी यात आहे का? व्हाउचर, म्हणजे आधीच फी भरलेला परीक्षेचा कोड, देणार असतील तर ते कोणत्या परीक्षेचं, कोणत्या तारखेपर्यंत चालणारं, आणि नापास झाल्यास पुन्हा बसायची सोय आहे का, हे लेखी घ्या. क्लास लांबला आणि व्हाउचरची मुदत संपली, तर ते पैसे परत येत नाहीत. परीक्षा स्वतःच्या खात्यातून थेट बुक करता येते, त्यासाठी क्लासची गरज नसते. व्हाउचरची किंमत आधी अधिकृत साइटवर बघून मगच तुलना करा.

हप्त्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण घरचे सगळ्यात जास्त इथे अडचणीत येतात. क्लासला दर महिन्याला थोडे पैसे देणं वेगळं आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ वेगळा. दुसऱ्या प्रकारात एखादी वित्तसंस्था तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर कर्ज काढते, पूर्ण रक्कम क्लासला देऊन टाकते आणि हप्ते तुमच्या बँक खात्यातून कापून घेते. क्लास आवडला नाही, शिक्षक सोडून गेला, क्लास बंद पडला, तरी कर्ज चालूच राहतं. हप्ता थांबवला की वडिलांचा सिबिल स्कोअर खराब होतो, आणि पुढे ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज अडतं. आधार, पॅन आणि ओटीपी मागितला तर तो ओटीपी कर्जाच्या करारावर सही आहे असं समजूनच द्या किंवा देऊ नका. शक्यतो फी तीन भागांत थेट क्लासला द्या: सुरुवातीला, अर्धा अभ्यासक्रम झाल्यावर, आणि शेवटची लॅब सुरू होताना. दर वेळी जीएसटी क्रमांक असलेली पावती घ्या. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला कोणाकडेही ठेवायला देऊ नका. छायाप्रत पुरते.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’

नोकरीची हमी क्लास देऊ शकत नाही, कारण नोकरी देणारा तो नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही नोकरीच्या खोट्या हमीला मनाई आहे. तरी असं वाक्य ऐकलंच तर शब्द सुटे करून विचारा. प्लेसमेंट म्हणजे मुलाखतीला पाठवणं की नियुक्तीपत्र? गेल्या दोन बॅचमधल्या किती जणांपैकी किती जणांना, कोणत्या पदावर? त्यातल्या दोघांशी फोनवर बोलता येईल का? चांगले क्लास हे लगेच जमवून देतात. पैसे देऊनही कोर्स मिळाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन्हीकडे पावत्या आणि लेखी आश्वासनं उपयोगी पडतात.

एक गोष्ट मात्र अजिबात नको. ‘दोन वर्षांचा अनुभव लावून देतो’ असं म्हणणारे आहेत. कंपन्या नियुक्तीनंतर पार्श्वभूमी तपासतात, आणि पीएफचा यूएएन क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला ते दिसतं. खोटा अनुभव उघडा पडला की नोकरी जाते आणि पुढची मिळणंही अवघड होतं. परीक्षेचे चोरलेले प्रश्न, ज्यांना डम्प म्हणतात, त्यांचंही तसंच. सापडलात तर सर्टिफिकेशन रद्द होतं. सापडला नाहीत तरी मुलाखतीत पंधरा मिनिटांत कळतं.

सांगली, पुणे की ऑनलाइन

पुण्याला जाऊन शिकायचं तर क्लासच्या फीत कॉट बेसिसचं भाडं, डिपॉझिट, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च मिळवा, आणि महिने मोजताना कोर्सचे नव्हे तर कोर्स अधिक नोकरी शोधण्याचे मोजा. चार महिन्यांच्या कोर्सला सात-आठ महिन्यांची तयारी ठेवावी. आमचा सल्ला असा: पाया इथेच घरी राहून घाला, परीक्षा पास व्हा आणि मुलाखती सुरू झाल्या की पुण्याला खोली घ्या. इथे लॅब चांगली असलेला क्लास मिळत नसेल तर थेट शिकवणारी ऑनलाइन बॅच घ्या. नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ विकत घेऊ नका, तसं साहित्य फुकटही मिळतं.

घरून शिकायला लॅपटॉप बघून घ्या. सीसीएनए आणि टेस्टिंगला ८ जीबी रॅम पुरते. आरएचसीएसएला एका वेळी दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे संगणक) चालवावी लागतात, प्रत्येकाला २ जीबी धरली तर १६ जीबी असलेली बरी. एसएसडी हवीच. जुना ऑफिस वापराचा लॅपटॉप घेऊन रॅम वाढवली तरी उत्तम चालतं. ती मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, ते चालू करा. रेड हॅटचं डेव्हलपर खातं वैयक्तिक वापराला फुकट आहे. अ‍ॅमेझॉनच्या खात्याला कार्ड जोडावं लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावा आणि सराव संपला की सगळं डिलीट करा. नॅट गेटवे ही नेटवर्कची सेवा बनवून विसरलात तर तो वापरात नसतानाही तासाला पैसे खातो.

परीक्षा बुक करताना

रोज दोन तास दिले तर सीसीएनएला चार-पाच महिने, सोल्यूशन्स आर्किटेक्टला तीन महिने धरा. सराव चाचणीत सलग तीन वेळा ८५ टक्क्यांच्या वर गेलात की तारीख घ्या. नापास झालात तर सिस्कोला पाच दिवस आणि अ‍ॅमेझॉनला चौदा दिवस थांबावं लागतं, आणि फी पुन्हा पूर्ण. खात्यातलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षराला अक्षर जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून परत पाठवतात.

घरून परीक्षा देता येते, पण खोलीत दुसरं कोणी येता कामा नये, आणि वीज किंवा नेट गेलं तर सत्र तुटतं. एकत्र कुटुंबाच्या घरात, भारनियमनाच्या दिवसांत हा धोका घेण्यापेक्षा, सिस्को किंवा अ‍ॅमेझॉनची परीक्षा असेल तर, पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं केंद्र निवडा. बुक करतानाच जवळचं कोणतं ते साइटवर दिसतं. जुलै-ऑगस्टमधली तारीख शक्यतो टाळा. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा रस्तेच बंद होते. तरी घ्यावीच लागली तर पाणी चढायला लागल्याची बातमी येताच तारीख बदला. अ‍ॅमेझॉनच्या परीक्षेत २४ तास आधीपर्यंत ती बदलता येते, त्यानंतर फी जाते.